मदत हवी आहे: अलॉय व्हीलचा थर सुटतोय, एका चाकाची हवा उतरते

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. गाडी सहा वर्षांची, कंपनीचेच डायमंड कट (लेथवर घासून चकाकी आणलेले) ॲल्युमिनियमचे अलॉय आहेत. पप्पा रोज त्याच गाडीने शेतात जातात, डिकीत बहुतेक वेळा खताच्या गोण्या असतात.

पावसाळ्यानंतर चाकांवर पांढऱ्या रेघा उमटल्या, वाळवीने लाकडात वाट काढावी तशा. चिखल समजून पुसल्या, गेल्या नाहीत. नखाने खरवडलं तर वरचा पारदर्शक थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून आला आणि खाली मिठासारखी भुकटी. आता मागच्या डाव्या चाकाची हवा पाच दिवसांत ३३ वरून २५ वर येते. पंक्चरवाल्याने दोनदा पाहिलं, खिळा नाही की चीर नाही. शेवटी मी रिमच्या कडेने साबणाचं पाणी सोडलं, तर टायर रिमला टेकतो तिथे एका वीतभर जागेत बारीक फेस धरला.

एक दुकानदार म्हणतो लेथवर घासून नवे करून देतो, दुसरा म्हणतो चारही बदला. चारही बदलण्याइतका पैसा सध्या हातात नाही. पण रात्रीची लाइट असली की पप्पा एकटे पाणी भरायला जातात, वाटेत चाक बसलं तर काय, हीच काळजी आहे. दुरुस्ती टिकेल का? आणि हे झालं कशामुळे?

प्रतिसाद १ (भुसावळ, गॅरेज)
भाऊ, गोण्यांमध्ये लाल पोटॅश असतं का? केळीला ते लागतंच. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक पापुद्रा फोडतं. दगड लागून क्लिअर कोटला (वरच्या पारदर्शक थराला) टवका गेला की ओल आत शिरते आणि थराखालून पसरत जाते. तुमच्या रेघा त्याच. डायमंड कटला हे लवकर होतं, कारण घासलेल्या उघड्या धातूवर फक्त क्लिअर कोटच असतो. लेथवर दर वेळी धातू कमी होतो, म्हणून मी तुम्हाला ते सुचवणार नाही. जुना थर पूर्ण उतरवून साधं पावडर कोटिंग (भुकटीचा रंग मारून भट्टीत भाजणं) करा. ते साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, त्यापेक्षा जास्त ताप देणाऱ्याकडे जाऊ नका, चाकाची ताकद कमी होते.

हवेचं आधी बघा. टायर उतरवून बैठकीची जागा नायलॉन पॅडने साफ करायला सांगा. लोखंडी ब्रश अजिबात नको, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुन्हा खायला लागतं. मग बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारा लेप) लावून टायर बसवा. खड्डे खोल असतील किंवा तडा दिसला तर मात्र ते एक चाक बदलाच. तडा वेल्डिंग करून चालवू नका.

प्रतिसाद २ (धुळे)
वॉशिंग सेंटरवर चाकाला ॲसिडचं लिक्विड मारू देऊ नका, घरी गाडीच्या शाम्पूने धुवा. तेही चाक गार झाल्यावर. आपल्याकडच्या उन्हात बोअरचं पाणी लगेच वाळतं आणि क्षार तिथेच बसतात, म्हणून कापडाने कोरडं करा. बॅलन्सिंगला बाहेरच्या कडेला ठोकायची वजनं नकोत, आतून चिकटवायची घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पोटॅशच आहे, एक गोणी फाटून डिकीतही सांडलं होतं. आज टायर उतरवला. फेस येत होता बरोबर त्याच जागी जुन्या ठोकलेल्या वजनाखाली रंग गेलेला होता आणि तिथून पांढरं आतपर्यंत उतरलं होतं. पॅडने घासल्यावर धातू गुळगुळीत लागला, तडा नाही. सीलर लावून ३३ भरलीय, पप्पांना आठवडाभर रोज गेज लावायला सांगितलंय. पावडर कोटिंग एकेक चाक करून घेतो. जळगावात कोण हे काम नीट करतं, माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.