गावठाणातल्या जुन्या क्रूसाची डागडुजी

प्रश्न: वांद्र्याच्या गावठाणात 1896 च्या प्लेगनंतर उभारलेला दगडी क्रूस आहे. ऑइलपेंटचे थरावर थर, चौथऱ्याचा गिलावा फुगलेला, अक्षरं बुजलेली. मे महिन्यातल्या प्रार्थनांआधी काय करता येईल?

उत्तर 1: आधी सिमेंटला हात लावू नका. दगडात जमिनीतली ओल चढते. सिमेंट आणि ऑइलपेंट ती अडवतात, क्षार आतच साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मुरवलेला चुना 1 भाग, चाळलेली वाळू 3 भाग घ्या. जागा भिजवून पातळ थर द्या, वर आठवडाभर ओलं गोणपाट. भर उन्हात केलंत तर तडे ठरलेलेच.

उत्तर 2: ग्राइंडर अजिबात नको, अक्षरांच्या कडाच जातात. पेंट रिमूव्हर आधी मागच्या कोपऱ्यावर लावून बघा, मग नायलॉनचा ब्रश.

उत्तर 3: त्याहीआधी मजकूर टिपून ठेवा! रात्री टॉर्च बाजूने आडवा धरून फोटो काढा, कोरीव अक्षरं सावलीने उठून दिसतात. नावं चर्चच्या बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदवह्यांशी ताडा. साथ टळावी म्हणून रहिवाशांनी असे क्रूस उभारले. रस्तारुंदीकरणात वाद निघाला, तर ही नोंद हाताशी हवी.