अमेरिकन गाडीला युरोपात नाक मुरडतात ते चवीमुळे की पावतीमुळे?

कोलनकर
जर्मनी असो, नेदरलँड्स असो, मराठी मंडळात गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "अमेरिकन गाडी म्हणजे चाकं लावलेला सोफा. सरळ रस्त्यावर राजा, वळणावर रामनाम." इथल्या सहकाऱ्यांकडून ऐकलेलं आपण जसंच्या तसं पुढे ढकलतो. माझं मत वेगळं आहे. ही नावड आधी कराच्या पावतीतून आली, चव मागाहून तयार झाली.

ब्रिटनने १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर लावला. गंमत अशी की ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजत नसत, सूत्राने काढत. सिलिंडरचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. पिस्टन किती लांब सरकतो (म्हणजे स्ट्रोक) याचा त्यात पत्ताच नाही. फोर्ड मॉडेल टीचा व्यास पावणेचार इंच, सिलिंडर चार. उत्तर साडेबावीस, म्हणजे कर २३ पौंड. ऑस्टिन सेव्हनचा व्यास साधारण २.२ इंच, उत्तर पावणेआठ, कर ८ पौंड. मॉडेल टीची खरी ताकद होती २० अश्वशक्तीच्या आसपास, ऑस्टिनची १०. ताकद दुप्पट, कर जवळजवळ तिप्पट! मग तिथले कारखानदार अरुंद व्यासाची, लांब स्ट्रोकची इंजिनं बनवायला लागले यात नवल काय? तो कर १९४७ नंतर गेला. सवय राहिली.

आजही तेच. इटलीत १८५ किलोवॉटच्या वर प्रत्येक किलोवॉटला वर्षाला २० युरो जादा कर आहे. फोर्डच्या मस्टँग या स्पोर्ट्स कारचं ५.० लिटर व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन ३३१ किलोवॉटचं धरलं तर नव्या गाडीला नेहमीच्या कराशिवाय २,९२० युरो, तेही दरवर्षी. फ्रान्सने २०२४ मध्ये जास्त कार्बन सोडणाऱ्या नव्या गाडीवरचा नोंदणीच्या वेळचा कर ६०,००० युरोपर्यंत नेला, आणि व्ही-८ मस्टँग त्या टोकालाच जाऊन बसली. याउलट जर्मनीत पेट्रोल इंजिनाला दर १०० सीसीमागे फक्त २ युरो. कार्बनचा भाग वेगळा, पण पाच लिटरच्या क्षमतेचे जेमतेम शंभर युरो. आणि जर्मनीत मस्टँग रस्त्यावर सहज दिसते. चवच वाईट असती तर इथेही दिसली नसती.

नटबोल्ट
पावतीचा इतिहास छान, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपने जानेवारी २०१७ मध्ये मस्टँगला पाचपैकी दोन तारे दिले, ते काही कर-खात्याने दिले नव्हते. समोरच्या धडकेत एअरबॅग पुरेशी फुगली नाही आणि डमीचं डोकं स्टीअरिंगपर्यंत पोचलं. मागच्या सीटच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा घट्ट ओढणारे) नव्हते, भार मर्यादित ठेवणारी यंत्रणाही नव्हती, त्यामुळे मागचा डमी पट्ट्याखालून घसरला. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा युरोपच्या गाडीत नव्हतीच. सुरक्षा-साहाय्याच्या रकान्यात १६ टक्के! सुधारित गाडी आली तेव्हा दोनाचे तीन तारे झाले, बस्स. त्याच पैशांत पाच तारेवाल्या गाड्या शोरूममध्ये उभ्या असताना गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तर त्याला चोखंदळ म्हणायचं, पूर्वग्रहदूषित नव्हे.

सायलेन्सर
नटबोल्ट, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच मस्टँगला अमेरिकेच्या सरकारी चाचणीत पाच तारे आहेत. दोन्हीकडे परीक्षा वेगळी, अभ्यासक्रमही वेगळा. अमेरिकन कायद्यात पट्टा न लावलेल्या डमीचीही धडक-चाचणी आहे, त्यामुळे तिथली एअरबॅग बिनपट्ट्याचा माणूसही अडवेल अशी बांधावी लागते. युरोप गृहीत धरतो की माणसाने पट्टा लावलाय, आणि मग पट्टा, मागची सीट, पादचारी यांच्याकडे बारकाईने बघतो.

आता 'सोफा' या शब्दाबद्दल. सगळ्यात जास्त थट्टा झाली ती कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची). "ट्रकसारखे पाटे लावलेली स्पोर्ट्स कार!" ट्रकचे पाटे लांबीच्या दिशेने असतात आणि अख्खा अ‍ॅक्सल धरून ठेवतात. कॉर्व्हेटचा पाटा आडवा, एकच, फायबरच्या मिश्रणाचा. चाकं स्वतंत्र विशबोनवर (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्यांवर), पाट्याचं काम फक्त स्प्रिंगचं. पोलादी पाट्यांपेक्षा वजन कितीतरी कमी, आणि तेही खाली, चेसिसच्या तळाशी. उंच कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) नसल्याने बॉनेट बुटकं ठेवता येतं. हसणाऱ्यांनी एकदा व्होल्व्हो एक्ससी९० च्या मागच्या बाजूला वाकून बघावं. २०१५ पासूनच्या त्या गाडीत असाच आडवा फायबरचा पाटा आहे. तो स्वीडनचा, म्हणून 'जागा वाचवणारी कल्पक रचना', आणि तोच अमेरिकेचा असला की बैलगाडी.

नटबोल्ट
व्होल्व्होचा मुद्दा मान्य, तिथे हरलो. परीक्षेचा नाही. अमेरिकेच्या त्या समोरच्या धडकेत डमी बसतात पुढच्या दोन सीटवर. मागे कोणी नसतंच, मग मागच्या पट्ट्याचा दोष दिसणार कुठून? पेपरात प्रश्नच नाही म्हणून पैकीच्या पैकी गुण.

आणि कॉर्व्हेटने २०२० च्या मॉडेलपासून पाटा काढून कॉइल लावल्या, इंजिन मध्यभागी नेलं. २०२५ मध्ये कॉर्व्हेट झेडआर१एक्सने जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची २०.८ किलोमीटरची फेरी ६ मिनिटं ४९.२७५ सेकंदांत मारली, गाडी चालवणारा कंपनीचाच इंजिनिअर. जबरदस्तच. पण त्या गाडीचं इंजिन बघा: ५.५ लिटर, दोन टर्बो, कॅमशाफ्ट हेडमध्ये, पुढच्या चाकांना विजेची मोटर. म्हणजे युरोपवाले जे वर्षानुवर्षं सांगत होते तेच केल्यावर विक्रम झाला.

चौथा_गिअर
आता कॅमशाफ्टवर आलातच तर पुशरॉडबद्दल नीट बोलू, म्हणजे कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडणारी अमेरिकन रचना. युरोपियन माणूस 'लिटरमागे किती अश्वशक्ती' हा आकडा घेऊन बसतो, कारण त्याला कर लिटरवर पडत आला (इथे कोलनकरांशी सहमत). ज्याला लिटरवर कर नाही तो बघतो इंजिन किती जागेत मावतं आणि किती वजनाचं आहे. एकच कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, हेड बुटकं, टायमिंग चेन वीतभर. युरोपियन व्ही-८ मध्ये चार कॅमशाफ्ट, लांबलचक चेन, प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि काही इंजिनांत ती सगळी वरात गिअरबॉक्सच्या बाजूला. पट्टी तुटली तर आधी इंजिन खाली उतरवा. सहाव्या गिअरचा रेशो ०.५० असलेली जुनी कॉर्व्हेट ऑटोबानवर (जर्मन महामार्गावर) इतक्या कमी फेऱ्यांवर पळते की पेट्रोलचा कमी खर्च ऐकून लोक चमकतात.

पण पुशरॉडवाल्यांनीही फार छाती फुगवू नये. सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा आली आणि लिफ्टरचं (कॅम आणि दांडी यांच्यामधल्या भागाचं) दुखणं सुरू झालं. क्रायसलरच्या ५.७ लिटर हेमी व्ही-८ मध्ये हलक्या भाराला १, ४, ६ आणि ७ हे सिलिंडर झोपतात. लिफ्टरच्या रोलरमधल्या बारीक सुया झिजतात, रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमचा उंचवटा खरवडत बसतो. फार वेळ नुसतं आयडलवर ठेवलेल्या गाड्यांत हे जास्त, कारण तेव्हा तिथे तेलाचा शिडकावा कमी पडतो.

हेमी इंजिनाची जुनी रॅम पिकअप बघायला जाल तर इंजिन थंडगार असतानाच सुरू करायला सांगा. 'टिकटिक' येते आणि गरम झाल्यावर जाते? मग बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळ्यांचा) बोल्ट तुटलाय, बऱ्याचदा अगदी मागचा. फट गरम होऊन मिटते म्हणून आवाज थांबतो. काम कटकटीचं, पण जीवघेणं नाही. गरम झाल्यावरही आवाज राहिला आणि जोडीला मिसफायर (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) असेल तर लिफ्टर गेलेत. तिथे दोन्ही हेड काढावीच लागतात, लिफ्टर सोळाच्या सोळा बदलावेत, आणि कॅमवर चर पडली असेल तर पुढचं कव्हर, रेडिएटर सगळंच सोडवावं लागतं. असली गाडी मालक थंड दाखवत नसेल तर परत फिरा.

रांजणगाव
मधेच एक शंका. 'अमेरिकन गाडी' म्हणजे नेमकी कुठली? ओपेल १९२९ पासून २०१७ पर्यंत जनरल मोटर्सची होती, व्हॉक्सहॉल १९२५ पासून. कोलनमध्ये फोर्डचा कारखाना १९३० च्या दशकापासून आहे. बीएमडब्ल्यू एक्स५ साउथ कॅरोलायनात बनून जर्मनीत येते, मर्सिडीज जीएलई अलाबामात. नव्वदीत युरोपात विकलेल्या कित्येक ग्रँड चेरोकी ऑस्ट्रियातल्या ग्राझला जुळवलेल्या होत्या आणि डिझेल इंजिन इटलीच्या व्हीएम मोटोरीचं. त्या २.५ लिटर इंजिनाला प्रत्येक सिलिंडरचं हेड वेगळं, गाडी एकदा तापली की हेडला तडा. शिव्या मात्र जीपला! इकडे रांजणगावात बनणाऱ्या कंपासचं डिझेल इंजिनही इटालियन घराण्याचंच. आणि २०२३ मध्ये युरोपात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती टेस्ला मॉडेल वाय. नाक मुरडणारे तेव्हा कुठे होते?

नटबोल्ट
टेस्लाला युरोपियन लोक 'अमेरिकन गाडी'च्या खान्यात टाकतच नाहीत, मोबाइलच्या खान्यात टाकतात. वाद आहे व्ही-८ आणि पिकअपचा.

आयंधोवनकर
पिकअपचंच बोलायचं तर मग चवीचं राहू द्या, फूटपट्टी घ्या. फोर्डची एफ-१५० पिकअप, चार दरवाज्यांची: लांबी ५.८८ मीटर, रुंदी २.०३, आरशांसह साधारण २.४३. इथला पार्किंगचा चौकोन साधारण ५ बाय २.५, जुन्या तळघरांत २.३०. ऑटोबानवर रस्त्याचं काम चालू असेल तर डाव्या लेनवर बऱ्याचदा २.१ मीटरची मर्यादा असते, आणि ती आरसे धरून. गोल्फसुद्धा आरशांसह २.०७ भरते. म्हणजे पिकअपवाल्याने कायम उजवीकडे, मालट्रकच्या मागे.

आणायचीच असेल तर कामं अशी निघतात. मागचे इंडिकेटर लाल असतील आणि ब्रेकच्याच दिव्यात असतील तर वेगळे पिवळे हवेत. हे निव्वळ काच बदलून होत नाही, वायरिंग सोडवावं लागतं, कारण एकच तार ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही चालवते. पुढचे पार्किंग दिवे अमेरिकेत बऱ्याचदा पिवळे, इथे पांढरे लागतात. मागे धुक्याचा लाल दिवा हवा, बाजूला इंडिकेटर हवेत. हेडलाइट इथल्या मानकाचे लागतात: अमेरिकन दिवा वरच्या बाजूला जास्त प्रकाश सोडतो, तिथे रस्त्यावरच्या उंच पाट्या वाचायला तो बरा पडतो, इथे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय दिव्याची उंची आतून कमीजास्त करायची सोय लागते. चालकाच्या बाजूचा आरसा अमेरिकेत सपाट असतो, लोक बहुधा तो बदलून फुगीर लावतात.

किल्ली आणि टायरमधल्या हवेचा दाब सांगणारे सेन्सर बऱ्याचदा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, इथल्या गाड्या ४३३.९२ वर. तेव्हा टायरवाल्याने इथला सेन्सर बसवला तर गाडीला तो ऐकूच येत नाही. सेन्सर अमेरिकन मापाचेच मागवा. मूळ टायरवर नुसती एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) ही खूण असेल तर जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यात ते चालत नाहीत, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. पेट्रोलची काळजी नको: तिकडचं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९१, इथलं ९५ खुशाल भरा.

खर्चावर इथले लोक उपाय करतात एलपीजीचा. टाकी स्टेपनीच्या जागी, भरायची फक्त ८० टक्के. धरा, पेट्रोलवर शंभर किलोमीटरला १८ लिटर, १.७५ भावाने साडेएकतीस युरो. गॅसवर लागतील साडेएकवीस लिटर, १.०५ ने साडेबावीस. किट ३,२०० ला बसलं तर ३५-३६ हजार किलोमीटरमध्ये वसूल. फक्त व्हॉल्व्हच्या सीट झिजतात का यावर लक्ष ठेवा, आणि गॅसच्या जोरावर सतत पाय दाबून पळवू नका.

कोलनकर
नटबोल्ट, मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल तुमचं बरोबर, तो कराचा प्रश्न नाही. आयंधोवनकरांच्या फूटपट्टीनंतर पिकअपही माझ्या दाव्यातून वगळतो. पण ऑगस्ट २०२५ च्या संयुक्त निवेदनात अमेरिका आणि युरोपीय संघाने एकमेकांची वाहन-मानकं मान्य करायचा इरादा जाहीर केलाय. ते झालं तर तुमची ही सगळी दिव्यांची यादी रद्दीत.

नटबोल्ट
आणि तेच व्हायला नको! लाल इंडिकेटरचंच घ्या. पुढची गाडी ब्रेक दाबून वळत असेल तर एक लाल दिवा स्थिर, एक लुकलुकतो. त्यातला कुठला बल्ब गेलाय आणि कुठला इशारा देतोय हे मागच्याने अर्ध्या सेकंदात ओळखायचं. अमेरिकेच्याच महामार्ग सुरक्षा खात्याच्या २००९ च्या अभ्यासात पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांना वळताना मागून बसणारी धडक पाच टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. खर्च किती? एका दिव्याचा आणि एका तारेचा.

चौथा_गिअर
यावर मात्र पुशरॉडवाल्यांचाही विरोध नाही. तार ओढताना टोइंगच्या सॉकेटचं वायरिंगही तेव्हाच वेगळं करून घ्या. तिकडच्या चारपिनी ट्रेलर-जोडणीत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर असतात. इथला तेरापिनी सॉकेट तसाच जोडला तर ब्रेक दाबताच ट्रेलरचे दोन्ही इंडिकेटर पेटून बसतात.