अनुभव धागा: इवलीशी स्वयंपाकखोली आणि तुम्ही त्यात काय काय बसवलं

सांडशी
काल नागपूरच्या महाल भागात माहेरी आले. होळी झाली, कुलर काढायचा म्हणून पंप शोधायला माळ्यावर चढले, तर पंपाखाली साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा सापडला. त्यावर बाबांनी पेन्सिलीने काढलेला आमच्या स्वयंपाकखोलीचा नकाशा. १९९४ चा. साडेसात बाय आठ फूट. खिडकी, मोरी, फडताळ, सगळं फुटपट्टीने आखलेलं. आणि एका कोपऱ्यात आईच्या अक्षरात, "इथे दार उघडतं. विसरू नका."

त्या वर्षी ओटा बांधायचा होता. तोवर आई खाली बसूनच करायची सगळं. मिस्त्री कडप्पा घेऊन यायच्या आधी बाबांनी खडूने फरशीवर ओटा आखला आणि आईला म्हणाले, तीन दिवस ही रेघ ओलांडायची नाही, आत ओटा आहे असं समज. आम्ही पोट्टे हसून हसून बेजार. पण दुसऱ्याच दिवशी आईने रेघ पुसून दुसरीकडे ओढली. कारण पाण्याचा गुंड (हंडा) उजवीकडे होता आणि आई डावरी. दर वेळी अख्खी गिरकी घ्यावी लागायची. घरात इतकी वर्षं राहून हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्यासुद्धा!

उंचीचंही तसंच. आईला भिंतीशी उभं करून कोपर वाकवायला लावलं, कोपराशी खूण केली आणि त्याच्या चार इंच खाली ओटा. ३१ इंच भरला. आई पाच फूटही नाही. आता त्याच ओट्यावर माझी उंच वहिनी पाठ धरून पोळ्या लाटते, ती वेगळीच कहाणी.

तुमच्याकडे काय केलं, काय फसलं, लिहा. मोठ्या मॉड्युलरवाल्यांनीही लिहा, पण जरा दमानं. आम्हाला त्रास होतो.

तर्री_जास्त
आमच्याकडे जागा कमी नव्हती. सासूबाईंचे डबे जास्त होते. श्रीखंडाचे, सोनपापडीचे, आइस्क्रीमचे. एका दिवाळीला मोजले, ५२. एकही फेकायचा नाही. "लागतात."

गोळाभात
सिलेंडरचं लिहिते, कारण आमचं थोडक्यात निभावलं. ओट्याखाली सिलेंडर दिसतो म्हणून सुताराकडून छान शटर बसवून घेतलं, अगदी घट्ट. एक दिवस शटर उघडलं तर भपकन वास. रेग्युलेटर नीट बसला नव्हता. गॅस हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो, आणि आम्ही त्याला पेटीत कोंडून ठेवलं होतं. आता शटरला खाली, फरशीलगत जाळी आहे. वर भोकं पाडून काही होत नाही, खालीच पाहिजेत. आणि नळी पाच वर्षांनी बदलायची. माझी आठ वर्षांची निघाली, शटरच्या आड कोण बघतं!

अर्धी_पोळी
"इथे दार उघडतं" वाचून कसंतरीच झालं. आई आहेत ना?

सांडशी
आहे जी. ७८ ची आहे, बाजूलाच बसून लसूण सोलून राहिली. तिला वाचून दाखवलं. म्हणते, ते दार तर कधीच काढून टाकलं, हे पण लिही. खरंच आहे. दार काढलं तशी दारामागची सव्वा दोन फूट भिंत मोकळी झाली. तिथे सहा इंच खोलीची मांडणी आहे, जमिनीपासून वरपर्यंत. एका ओळीत एकच बरणी मावते, म्हणून मागे काही हरवतच नाही. खोल कपाटात गेल्या वर्षीची साबुदाण्याची पिशवी निघते तसं होत नाही.

अर्धी_पोळी
माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीची निघाली 🙈

दुपारचं_ऊन
नागपुरात स्लॅबपर्यंत कपाटं करण्याआधी मे महिना आठवा, एवढंच म्हणते. २०१३ च्या मे मध्ये ४७.९ गेला होता पारा. आमचा वरचा मजला, स्वयंपाकखोली पश्चिमेला. सगळ्यात वरच्या कप्प्यात गूळ, शेंगदाणे आणि तुपाची बरणी. गुळाचा काकवीसारखा रस्सा झाला, शटरवरून ओघळून ओट्यावर, तिथून गॅसच्या बर्नरमध्ये. मुंग्यांची तर जत्राच. दाणे खवट. आता वर फक्त दिवाळीची भांडी, सोऱ्या, मोठे गंज, पराती. खाण्याचं सगळं कमरेखाली.

दुसरं म्हणजे स्वयंपाकखोलीत कुलरची हवा घेता येत नाही, गॅस फडफडतो. आम्ही कुलर हॉलच्या खिडकीत ठेवतो आणि स्वयंपाकखोलीचा एक्झॉस्ट सुरू ठेवतो. कुलरच्या हवेला बाहेर पडायला वाट लागतेच, ती इकडून खेचली जाते. ओट्याशी उभं राहिलं तर पाठीला गारवा लागतो आणि ज्योत हलत नाही.

खलबत्ता
दुपारचं_ऊन, कुलरला ताट्या कोणत्या लावता? वाळ्याच्या की गवताच्या?

दुपारचं_ऊन
गवताच्याच. वाळा परवडते का बाप्पा.

कडप्पा_नको_ग्रॅनाइट
सिंकखालच्या कपाटाचं कोणी लिहिलं नाही अजून. आम्ही सुताराला सांगितलं होतं, ७१० नंबरचं प्लाय लाव, पाण्याला टिकणारं. बिलावर तेच लिहिलं. पहिल्याच पावसाळ्यात खालची फळी खारीसारखी फुगली, पदर सुटले. मग कापलेल्या तुकड्यावरचा शिक्का बघितला तर ३०३, म्हणजे साधं. शिक्का आधी बघायचा असतो, पट्टी चिकटवायच्या आधी. सुताराचं नाव विचारू नका, नवऱ्याचा आत्येभाऊ आहे. आता सिंकखाली दारच नाही, ॲल्युमिनियमची चौकट आणि पडदा. पाइप गळला की लगेच दिसतो.

किरायेदार
तुमचं बरं आहे, घर स्वतःचं. आम्ही किरायानं. मालकीणबाईंचा नियम, भिंतीत खिळा नाही. ओटा चार फूट. त्यात सिंकने दीड खाल्लं. मिक्सर लावला की कणीक मळायला जागा नाही, कणीक मळली की मिक्सर खाली जमिनीवर. शेवटी इतवारीतून चाकांची लोखंडी मांडणी आणली आणि वरच्या कप्प्यावर ग्रॅनाइटचा तुकडा टाकला. एका दगडाच्या दुकानात कापून उरलेला पडला होता, जवळजवळ फुकट दिला. आता तो माझा दुसरा ओटा. स्वयंपाक झाला की ढकलून बेडरूममध्ये. मुलगी त्यावर अभ्यास करते. वहीला हळद लागते म्हणून तक्रार आहे.

मटक्यावरची
मला कोणी सांगेल का, फ्लॅटमध्ये लांब पोळ्या भाजायचा मातीचा मटका कुठे ठेवायचा? महिन्यातून एकदा लागतो, पण दुसऱ्या कशाखाली ठेवता येत नाही, वर काही ठेवता येत नाही, आणि फुटला की नवरा म्हणतो बरं झालं. गॅलरीत ठेवला होता, त्यात कबुतराने अंडी घातली. मग काय, पिल्लं उडेपर्यंत पुरणाच्या पोळ्या तव्यावर.

तर्री_जास्त
😂😂 कबुतर मात्र टू बीएचकेत राहिलं.

भिवापुरी
आमच्याकडे सगळ्यात जास्त जागा वर्षाच्या धान्याने खाल्ली होती. दोन क्विंटल गहू, तांदूळ वेगळे, तुरीची डाळ, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत. कोठी हलवायची म्हणजे दोन माणसं. सासरे गेले आणि घरात तिघंच उरलो, तरी तीन वर्षं तेवढंच भरत होतो. सवयीनं. मग मीच म्हटलं, आता महिन्याचं आणू. कोठी गावी दिली, तिच्या जागी फ्रिज आला, आणि हॉलमधून फ्रिज गेला तिथे सासूबाईंची खाट.

मिरची मात्र वर्षाची, भिवापूरचीच. तिखटाच्या बरणीवर तडजोड नाही. यावरून कोणी भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

एकटा_स्वयंपाकी
मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल का? बायकोची ड्यूटी सकाळची, म्हणून पोळ्या माझ्याकडे. आमची खोली सरळ पट्टीसारखी, एकजण उभा असेल तर दुसऱ्याला फ्रिजपाशी जाता येत नाही. रोज भांडण. काही तोडफोड केली नाही, फक्त चहा, साखर, कप आणि दूध तापवायचं पातेलं दारापाशी आणलं. तिचा चहा आता उंबऱ्याबाहेरूनच होतो. भांडणं झाली कमी. पण सराटा (उलथणं) कुठे ठेवायचा यावर अजून एकमत नाही.

गोळाभात
चालते ना भाऊ. सराटा खुंटीला, गॅसच्या उजवीकडे. विषय संपला.

मटक्यावरची
डावरी असली तर?

सांडशी
आई विचारून राहिली, त्या ५२ डब्यांवाल्या बाईंकडे झाकणं किती आहेत?

तर्री_जास्त
काकूंना नमस्कार सांगा. ३८. बाकीच्यांवर ताटल्या.