मदत हवी आहे: बाबांच्या लिव्हरच्या गाठीवर आधी टेस की इम्युनोथेरपी?

नमस्कार मंडळी,
बाबा 64 वर्षांचे. जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरोसिस. हिपॅटायटिसची गोळी टेनोफोव्हिर चालू आहे. सहामाही सोनोग्राफीत यावेळी गाठ दिसली. ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत काढलेल्या) सीटीत एकच गाठ, 6.2 सेंमी. पोर्टल व्हेन (लिव्हरला रक्त नेणारी मोठी शीर) मोकळी आहे, बाहेर कुठे पसरलेलं नाही. बायोप्सी केली नाही. सिरोसिसच्या पेशंटला सीटीत असं ठराविक चित्र दिसलं की तेवढ्यावर लिव्हरच्या कॅन्सरचं निदान पक्कं धरतात म्हणे.

बिलिरुबिन 1.8, अल्ब्युमिन 3.1, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) 1.4, पोटात पाणी नाही. म्हणजे लिव्हर किती चालतंय ते सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू मापात ए (सगळ्यात बरा गट), 6 गुण.

पोर्टल प्रेशर वाढलंय आणि प्लेटलेट्स कमी आहेत, म्हणून गाठ कापून काढायला सर्जन तयार नाहीत. ट्रान्सप्लांटसाठी मिलान निकषात एकच गाठ असेल तर 5 सेंमीपर्यंत चालते, आम्ही जरा बाहेर. एक डॉक्टर म्हणतात, टेस करू, म्हणजे नळीतून गाठीच्या रक्तवाहिनीतच केमो सोडून ती वाहिनी बंद करायची. गाठ आकसली की ट्रान्सप्लांटचा विचार. दुसरे म्हणतात, अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी सुरू करा, पण आधी एंडोस्कोपी. दोघंही जाणकार, आमचं डोकं मात्र चालेना. कोणाच्या घरी यातून गेलंय का?

जाता जाता एक. बाबा हल्ली दिवसा पेंगतात आणि रात्री टक्क जागे. परवा फॉर्मवर सही करताना आडनावाची अक्षरं एकमेकांवर चढली. टेन्शन असेल. झोपेची गोळी दिली तर चालेल का?

प्रतिसाद 1
गोळी अजिबात देऊ नका. तुम्ही जे 'जाता जाता' लिहिलंय तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवसरात्र उलटणं, सही बिघडणं ही हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथीची सुरुवात असू शकते. लिव्हर गाळू न शकलेला अमोनिया मेंदूपर्यंत जातो. हात पुढे करून पंजे वर वळवायला सांगा. फडफडतात का बघा. शौचाला साफ होते का? बद्धकोष्ठता, इन्फेक्शन, आतल्या आत रक्तस्राव, यातलं काहीही निमित्त होतं. अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करा. बहुतेक पोट साफ करणारं लॅक्टुलोज देतील. शौच काळी झाली किंवा बाबा बोलण्यात भरकटले तर थेट इमर्जन्सी. आणि कोणी सांगितलं म्हणून प्रथिनं बंद करू नका.

याचा तुमच्या मूळ प्रश्नाशीही संबंध आहे. एन्सेफॅलोपॅथी धरली की 6 चे 7 गुण होतात, म्हणजे चाइल्ड-प्यू बी. टेसनंतर ताप आणि पोटदुखी काही दिवस असतेच, पण कमकुवत लिव्हर त्या धक्क्याने आणखी ढासळू शकतं. ते इम्युनोथेरपीचं कॉम्बिनेशनही मुख्य चाचणीत फक्त 'ए' गटातल्या पेशंटना दिलं होतं. एंडोस्कोपी सांगितली ते बरोबरच आहे: बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर आधी बांधतात.

प्रतिसाद 2
वरच्याला अनुमोदन. शिवाय दोन डॉक्टरांकडे आलटून पालटून जाण्यापेक्षा केस ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तिथे) ठेवायला सांगा, ट्रान्सप्लांटची टीमही हवी. टेनोफोव्हिर मध्येच थांबवू नका, कुठलेही उपचार ठरले तरी.

धागाकर्ती
पंजे फडफडतायत. चार दिवस पोट साफ नाही, हे बाबांनी आत्ता विचारल्यावर सांगितलं! फोन केला, लगेच घेऊन या म्हणालेत. निघतोय.