प्रतिसाद: जेआरएफ मिळालं म्हणजे पैशांची चिंता मिटली?

जेआरएफ म्हणजे पीएचडीचं संशोधन करणाऱ्यांना दरमहा मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. 'एकदा जेआरएफ मिळालं की महिन्याला ३७,००० ठरलेले' हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफमध्ये पोर्टलवर दर महिन्याची हजेरी आधी 'मेकर' भरतो, मग 'चेकर' मंजूर करतो, दोघंही संस्थेतलेच. चेकरची बदली झाली आणि लॉगिन जुन्याच नावावर राहिलं, की पैसे अडकलेच. रुजू होतानाच ही दोन नावं विचारून ठेवा, गाइडला बहुतेक वेळा ठाऊक नसतात.

दोन वर्षांनी ३७,००० चे ४२,००० आपोआप होत नाहीत, त्यासाठी समितीचा मूल्यमापन अहवाल लागतो. आणि फेलोशिपसोबतचा घरभाडं भत्ता: हॉस्टेल मिळालेलं नसेल तर वाशी-ठाण्याच्या संशोधन केंद्रांनाही बृहन्मुंबईचाच, म्हणजे एक्स वर्गाचा (शहरांच्या सर्वांत वरच्या वर्गाचा) दर लागतो. फॉर्मवर शहराचा वर्ग नीट बघा.