सल्ला हवा: उजव्या हेडलाइटचा अ‍ॅडजस्टर गेला, अख्खा लाइट न बदलता घरी जमेल का?

कापूसकाठ (आर्णी तालुका)

नमस्कार मंडळी. गाडी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा मायलेजवर जातो. उजव्या हेडलाइटचा झोत बंपरपुढं दहा-बारा पावलांवरच पडतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की नाचतो. मागचा स्टार स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा स्क्रू फिरतो, पण झोत जागचा हलत नाही. डॅशवरचं 0 ते 3 चं चाक फिरवलं तर डावा लाइट वर-खाली होतो, उजवा ढिम्म.

दुकानदार म्हणतो अ‍ॅडजस्टर सुटा येत नाही, पूर्ण लाइट घ्या. इकडचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, फेविक्विक मारून देतो. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, जिनिंगवरून घरी यायला रात्र होते आणि रस्त्यावर विनारिफ्लेक्टर बैलगाड्या, वरून रोही (नीलगाय). घरी हेअर ड्रायर, एम-सील, पाने सगळं आहे. हात बऱ्यापैकी चालतो. सुरुवात कुठून करू?

दिग्रसकर

जुने सुटे भाग विकणाऱ्यांकडं यवतमाळ, अमरावतीत चौकशी करा. पूर्ण लाइट नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतो. फक्त घेताना मागचे दोन्ही स्क्रू फिरवून बघा, आतला रिफ्लेक्टर हलतो का ते काचेतून दिसतं. नाहीतर पैसे देऊन तेच दुखणं घरी आणाल. बॉडीला बसायचे कान वेल्डिंग केलेले असले तर घेऊच नका.

वऱ्हाडी पाना

भाऊ, त्या फेविक्विकवाल्याले लायटाले हात लावू देऊ नोको. तो गोंद सुकताना जी वाफ निंगते, ते आतल्या चांदीवर जाऊन पांढरी बुरशी आल्यावानी बसते. पुसाले गेला तं चांदीच निंगते. अ‍ॅडजस्टर धरला तरी मंग उजेड गेला. आन् आतलं प्लास्टिक बहुतेक नायलॉनच्या जातीचं रायते, त्याले कोणताच गोंद सरळ धरत नाही.

पयले हे पाह्य का तुटलं काय. लाइट बंद कर, बल्ब थंडा होऊ दे. अख्खा हेडलाइट दोन हातानं धरून हालव. अख्खाच हालला तं अ‍ॅडजस्टर बरोबर हाये, बॉडीचे कान तुटले, ते काम सोपं. नाही हालला तं मांगचं रबर काढ, बल्ब पाह्य. एच4 च्या बल्बाले तीन कान रायते. तो वाकडा बसला तरी झोत भलतीकडं जाते, आन् लोकं उगाच स्क्रू फिरवत बसते.

बल्ब सरळ अशीन तं तो काढून ठेव, आन् ज्या कड्यात तो बसते त्याले दोन बोटं लावून हलक्यानं ढकल. रिफ्लेक्टर तीन जागी धरून रायते. एका कोपऱ्यात नुसता गोळा, दोन कोपऱ्यांत स्क्रू, एक वर-खालचा, एक डावा-उजवा. स्क्रूच्या टोकाले बी गोळा रायते, तो रिफ्लेक्टरच्या प्लास्टिकच्या वाटीत बसते. जो कोपरा खडखड करते तो गेला. स्क्रू फिरवताना कटकट वाजत अशीन तं दाते झिजले. मोकळा फिरत अशीन तं गोळा वाटीतून निंगाला, नाही तं वाटीच फाटली.

नुसता निंगाला अशीन तं नशीब काढलं. बल्बच्या भोकातून कडं धरून रिफ्लेक्टर मांगं ओढ, दुसऱ्या हातानं मांगून स्क्रू दाब. टक्क झालं का बसला. काच खोलाचं कामच नाही.

कापूसकाठ

पाना भाऊ, पाहिलं. लाइट घट्ट आहे, बल्ब सरळ आहे. वरचा आतल्या बाजूचा कोपरा खडखडतो. लाइट लावून मुलाला 0-3 चं चाक फिरवायला लावलं, मोटरची घूं ऐकू येते. ओढून-दाबून टक्क काही होत नाही.

रात्रपाळी (चंद्रपूर)

मग वाटी फाटली आहे. मोटर आणि स्क्रू दोन्ही निकामी वाटतात याचंही कारण तेच. पुष्कळ लाइटांमध्ये मोटर वर-खालच्या स्क्रूच्याच जागी असते. स्क्रू हातानं फिरवा की मोटरनं, ढकलायचा तोच एक गोळा आणि तीच एक वाटी.

आता काच उघडावी लागणार. त्याआधी एक बघा, नाहीतर सगळी मेहनत वाया. काच आणि काळ्या डब्याच्या सांध्यात जो मसाला दिसतो त्यात नख रुतवा. नख रुतून तार निघाली तर तो ब्युटिल (रबरासारखा चिकट मसाला) आहे, गरम करून सुटतो. नख अजिबात रुतत नसेल तर तो कडक प्रकार, तो हेअर ड्रायरला दाद देत नाही, काच तडकते. तसं असेल तर दिग्रसकरांचा सल्ला घ्या आणि जुना लाइट शोधा.

ब्युटिल असेल तर लाइट गाडीतून काढा. काही गाड्यांत त्यासाठी बंपर सैल करावा लागतो, क्लिपा थंडीत तुटतात म्हणून दुपारी करा. मोटर पाव फेरा फिरवून निघते का बघा, निघाली तर बाजूला ठेवा. काचेभोवतीचे स्क्रू आणि प्लास्टिकचे लॉक मोकळे करा. एका कोपऱ्यापासून वितभर सांधा गरम करा, कापड गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून फट पाडा, मग पुढची वीत. घाई नको. (मे महिना असता तर लाइट उन्हात ठेवून अर्धं काम आपल्या उन्हानंच केलं असतं.) मसाला धाग्यांसारखा ताणला जाईल, तो रिफ्लेक्टरवर पडू देऊ नका.

रिफ्लेक्टरच्या चकाकीला बोट लावायचं नाही, फडकं लावायचं नाही. धूळ असेल तर फुंकणीनं उडवा. आणि पेट्रोल, थिनर त्या खोलीतच नको, पॉलिकार्बोनेटची काच त्यानं बारीक बारीक तडकते.

आता वाटी. नुसतं एम-सील थापलं तर पहिल्या खड्ड्यात सुटेल, कारण ते नायलॉनला धरत नाही. त्याला अडकायला काहीतरी लागतं. वाटीच्या कानाला बारीक ड्रिलनं तीन-चार भोकं पाडा, खरखरीत पॉलिश पेपरनं घासा आणि सळई बांधायच्या तारेचा पातळ तुकडा किंवा तांब्याची तार भोकांतून ओवून जाळी करा. स्क्रूच्या गोळ्याला ग्रीस किंवा व्हॅसलीन चांगलं चोपडा. मग एम-सील एकजीव मळून तार झाकेल असं वाटीच्या उरलेल्या भागावर बसवा आणि गोळा त्यात दाबा. मसाल्याची कड गोळ्याच्या मध्यरेषेच्या थोडी पुढं यायला हवी, म्हणजे गोळा अडकेल. फार पुढं आली तर तो फिरणारच नाही. मसाला घट्ट होत असताना मधूनमधून गोळा किंचित हलवत राहा. तेवढ्या खेळासाठीच तर ती वाटी असते. रात्रभर ठेवा, सकाळी गोळा टक्क करून निघाला आणि टक्क करून बसला की जमलं.

एक अट. बल्ब कंपनीचाच 60/55 वॅटचा ठेवा. 100/90 घातला की आत उष्णता वाढते आणि एम-सीलसारखा साधा इपॉक्सी तापला की मऊ पडतो. मूळ प्लास्टिक ठिसूळ होण्यामागं अनेकदा हाच बल्ब असतो.

सावजी रस्सा (नागपूर)

एवढी मेहनत कशाला? एलईडी बल्ब टाका, दुप्पट उजेड. झोत खाली असला तरी चालून जाईल.

वऱ्हाडी पाना

रस्सा भाऊ, त्या रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतला हाये. एलईडीची चिप तिथं बरोबर बसत नाही तं उजेड चारी कोनाले फुटते. तुले वाटते लय दिसून रायलं, समोरच्याच्या डोयात सुई जाते. आन् प्रश्न झोत हालते हा हाये, उजेड कमी हा नाही.

दिग्रसकर

वाटी बनवायची भानगड नको असेल तर एक सोपा मार्ग: झोत भिंतीवर बरोबर लावायचा आणि तो कोपरा एम-सीलनं कायमचा जाम करायचा. आमच्याकडं एका टॅक्सीत असं केलेलं आहे. चालतंय.

भिंतीचे मास्तर (वाशीम)

टॅक्सीत चालेल, शेतकऱ्याच्या गाडीत नाही. हिशेब मांडतो.

हेडलाइट जमिनीपासून 65 सेंटीमीटर उंच धरू. डिपरचा (खालचा) झोत शेकड्याला 1 खाली लावला, म्हणजे 10 मीटरवर 10 सेंटीमीटर खाली, तर तो 65 मीटरवर जमिनीला टेकतो. आता डिक्कीत युरियाच्या चार गोण्या टाका. एक गोणी 45 किलो, म्हणजे 180 किलो, सगळं मागच्या चाकांवर. मागची बाजू 5 सेंटीमीटर बसली आणि दोन चाकांमधलं अंतर 2.4 मीटर असेल, तर गाडीचं नाक शेकड्याला 2 वर उचललं जातं. एक खाली होता तो एक वर झाला. 50 मीटरवर तोच झोत 115 सेंटीमीटर उंचीवर पोचतो, आणि समोरून येणाऱ्या छोट्या गाडीच्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तिथंच असतात. ते 0-3 चं चाक यासाठीच दिलंय. झोत जाम केलात की ते गेलं.

उलट बाजूही सांगतो. झोत 30 मीटरवरच टेकत असेल तर 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. बैलगाडी उजेडात आल्यापासून तुमच्या हातात दीड सेकंदही नाही. पाय ब्रेकवर जाईस्तोवरच एक सेकंद संपतो.

लावायचा कसा: जिनिंगचं किंवा गोदामाचं सपाट काँक्रीट आवार उत्तम. सपाट आहे का ते डोळ्यानं ठरवू नका. गवंड्याची पाण्याची नळी आणा, पुढच्या चाकाखाली, मागच्या चाकाखाली आणि भिंतीच्या पायथ्याशी पाणी एका पातळीत येतं का पहा. टायरची हवा बरोबर, डिक्की रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, चाक 0 वर. आधी गाडी भिंतीला लावून दोन्ही बल्बांच्या मध्याच्या उंचीवर आडवी रेषा आणि प्रत्येक बल्बासमोर उभी रेषा खडूनं काढा. मग सरळ 10 मीटर मागं. डिपर लावा. एका लाइटचं काम करताना दुसऱ्याचा कनेक्टर काढा, त्यावर फडकं टाकून ठेवू नका, काच प्लास्टिकची आहे.

आपल्याकडं डावीकडून चालतात, म्हणून भिंतीवर झोताची वरची कड उजवीकडं आडवी सपाट आणि डावीकडं वर चढलेली दिसते. सपाट कड खडूच्या आडव्या रेषेच्या 10 सेंटीमीटर खाली हवी आणि जिथून चढ सुरू होतो तो कोपरा त्याच लाइटच्या उभ्या रेषेवर हवा. काही गाड्यांत लाइटच्या चित्राशेजारी 1.0 किंवा 1.2 टक्के असा आकडा छापलेला असतो. असला तर तोच पाळा.

दिग्रसकर

मास्तर, पटलं. गोण्यांचा विचार डोक्यात नव्हता. जुना लाइट घ्या हे मात्र मी अजून म्हणेन. ज्याला वेळ नाही त्यानं.

कापूसकाठ

काम झालं, लिहितो. मसाला ब्युटिलच निघाला. आत वाटीचे उभे दोन तुकडे, एक खाली कोपऱ्यात पडलेला. तो बाहेर काढून उन्हात धरला तर पिवळा पडलेला, चिमटीत दाबला तर भुगा. रात्रपाळी दादांनी सांगितल्याप्रमाणे तार ओवून एम-सील लावलं. ग्रीस लावलेला गोळा सकाळी निघायला जड गेला, पण टक्क झालं. काच परत लावताना जुना मसाला गरम करून दाबला आणि जिथं कमी वाटला तिथं ब्युटिलची नवी पट्टी भरली. पिळून धरायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कामी आल्या.

जिनिंगच्या भिंतीवर नळी लावून झोत लावला. तिथले हमाल विचारत होते, भिंत प्लास्टर करायची का म्हणून. आता चाक फिरवलं की दोन्ही लाइट बरोबर उतरतात. पांढरकवड्याच्या रस्त्यावर एक रोही वेळेत दिसला.

एक शंका. पहाटे थंडीत काचेच्या आत खालच्या कडेला दव दिसतं, ऊन पडलं की जातं. मसाल्यात फट राहिली असेल का?

रात्रपाळी

थोडं दव येऊन आपोआप जात असेल तर बहुतेक चिंता नको. लाइटला श्वास घ्यायला मागं छोटी नळी किंवा टोपी असते, हवा तिथून आत-बाहेर करते. ती चिखलानं बुजली नाही ना ते पहा. पाण्याचे थेंब साचून राहिले तर मात्र फट आहे. मग मागचं रबर नीट बसवा, श्वासनळीतून हलकी हवा फुंका, दुसरी भोकं चिकटपट्टीनं बंद करा आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा येईल तिथं पट्टी भरा. पावसाळ्याआधी हे करून घ्या. आणि आठवडाभर पांदणीच्या रस्त्यावर चालवून झालं की एकदा पुन्हा भिंतीवर लावून बघा, एम-सील सरकलं असेल तर तिथंच कळेल.

नांगरधारी (दारव्हा)

चांगला धागा. ट्रॅक्टरच्या गोल लाइटाले हेच लागू होते का? माझा उजवा खाली मान टाकून रायला.

वऱ्हाडी पाना

नाही बा, त्यात हे काही नाही. बहुतेक ट्रॅक्टरचा गोल लाइट मांगच्या एकाच बोल्टवर फिरते. बोल्ट ढिला कर, हातानं झोत लाव, आवळून टाक. स्प्रिंग वॉशर नसन तं घालजो, नाही तं नांगरताना परत मान टाकन.