बुतो नृत्याचा उगम अणुबॉम्बमध्ये शोधावा का?

प्रश्न
बुतो या जपानी नृत्यप्रकाराविषयी जिथे वाचावे तिथे हिरोशिमा-नागासाकीच्या राखेतून हे नृत्य जन्मले, असे विधान आढळते. अंगभर पांढरा रंग फासलेली, आखडलेली, जमिनीकडे झुकलेली शरीरे पाहिली की ते पटतेही. परंतु पहिला प्रयोग १९५९चा, म्हणजे मध्ये चौदा वर्षे गेलेली. मग हा उगम नेमका कुठे मानावा?

प्रतिसाद १
युद्धाची छाया नाकारता येणार नाही. बुतोच्या दोन प्रवर्तकांपैकी एक असलेल्या काझुओ ओनो यांची ऐन उमेदीची वर्षे सैन्यात आणि शेवटी युद्धकैदेत गेली. तरीही दुसरे प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता यांनी मे १९५९मध्ये टोकियोत सादर केलेल्या ‘किन्जिकी’ या पहिल्या प्रयोगाचा विषय बॉम्ब नव्हता, तर पुरुषाला पुरुषाविषयी वाटणारी ओढ हा होता. ओनोंचा तरुण मुलगा योशितो मांड्यांमध्ये जिवंत कोंबडी आवळून धरतो, या दृश्याने प्रेक्षक हादरले. माझ्या मते बॉम्बचे स्पष्टीकरण सोयीचे आहे, आणि म्हणूनच ते इतके पसरले.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. ओनो ज्यांच्याकडे शिकले ते ताकाया एगुची जर्मनीत आधुनिक नृत्यांगना मेरी विगमन यांच्या शाळेत शिकून आले होते, त्यामुळे बुतोच्या मुळाशी युरोपातील आधुनिक नृत्यही आहे. हिजिकातांनी पुढे त्याच नृत्याकडे पाठ फिरवली आणि आपले जन्मस्थान असलेल्या ईशान्य जपानमधील अकिता प्रांताकडे नजर वळवली. तिथे शेतीच्या हंगामात तान्ह्या मुलांना गवताच्या टोपलीत घट्ट बांधून बांधावर ठेवत, आणि संध्याकाळी बाहेर काढल्यावर त्यांचे दुमडलेले पाय सरळच होत नसत, अशी आठवण ते सांगत. १९७२च्या सुमारास नर्तकी योको आशिकावा यांच्यासह त्यांनी रचलेल्या नृत्यांत गुडघे वाकवून, पाय फाकवून चालणारे शरीर दिसते, ते मला या टोपलीशिवाय समजत नाही.

प्रश्नकर्ता
टोपलीचा संदर्भ मला अगदीच नवा आहे, मनापासून आभार. ‘बुतो’ या शब्दातील ‘तो’चा अर्थ पाय आपटणे असा वाचला होता, तो अर्थ या वाकलेल्या पायांशी कसा जुळतो?

प्रतिसाद २
पाश्चात्त्य बॅलेत नर्तक जमीन सोडून वर झेपावतो, तर इथे कंबर खाली दाबून शरीराचा सारा भार पावलांत उतरवला जातो. वाकलेल्या गुडघ्यांशिवाय तो भार तसा उतरतच नाही.